माहितीदाता क्रमांक दहा

माझ्या नावामागे डॉक्टर लागत नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकाउंटन्सीनं मला दोनदा लोळवलं, तेव्हा मी तिला हात जोडले आणि टायपिंगची परीक्षा दिली. पण गोंदियात आज जे मराठीचे डॉक्टर छाती काढून फिरतात, त्यांतल्या कितीतरी जणांचं शुद्धलेखन, समास आणि तळटीपा माझ्या हातच्या आहेत. दोघांच्या बाबतीत तर निष्कर्षही माझाच आहे. ते दोघं मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

माझ्या दुकानाला पाटी कधीच नव्हती. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत घर, मध्ये पडदा. लोक "थीसिसवाली भाभी" म्हणून पत्ता विचारायचे आणि रिक्षावाले बरोबर आणून सोडायचे. "वो पडदेवाली? बैठो." गोंदियात हिंदीशिवाय पान हलत नाही, पण थीसिस मात्र मराठीत लिहायचा असतो.

या अंकाचे संपादक म्हणाले, ताई, धंद्याबद्दल लिहा. म्हटलं, बाप्पा, जन्मभर दुसऱ्याचं लिहिलं, आता स्वतःचं काय लिहू? तर एक गोष्ट आहे. ती लिहायला मला आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, परवानगी लागली. ती मिळाली आहे.

आधी धंदा सांगते. पीएच.डी.चा थीसिस म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं अवघड नाही. डावीकडे दीड इंच समास, कारण बांधणीत तेवढा जातो. पाच किंवा सहा प्रकरणं. शेवटी संदर्भसूची, तिच्यानंतर परिशिष्टं. आणि अगदी सुरुवातीला ऋणनिर्देश, म्हणजे ज्यांनी मदत केली त्यांचे आभार. एका सरांचा ऋणनिर्देश पहिल्या प्रकरणापेक्षा मोठा होता. त्यात त्यांनी गाईडच्या मिसेसचे, मेव्हण्याच्या मोटरसायकलचे आणि घरच्या म्हशीचे आभार मानले होते. मी विचारलं, "सर, म्हैस काऊन?" तर म्हणे, तिच्याच दुधावर संशोधन झालं. ठेवली म्हैस.

नंतर चोरी पकडणारं सॉफ्टवेअर आलं आणि सगळ्यांची तंतरली. पण आमचे जुने मराठी फॉन्ट त्या सॉफ्टवेअरला वाचताच यायचे नाहीत. त्याला सगळा थीसिस म्हणजे नुसते किडेमकोडे दिसायचे. त्यामुळे ज्यांनी पानंच्या पानं उचलली होती त्यांना "चोरी शून्य टक्के" असा दाखला मिळायचा. पुढे सॉफ्टवेअरला वाचता येणारा युनिकोड फॉन्ट सक्तीचा झाला, तेव्हा काही जणांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आता ओलवट.

ओलवट हा एक देश आहे आणि तो कुठेही नाही. आमच्या डोमाजीबाबूंनी तो काढला. डोमाजीबाबू कालव्याच्या ऑफिसात बाबू होते, जन्मभर पाणीपाळीच्या पावत्या फाडल्या. रिटायर व्हायच्या आधीच त्यांनी एक कादंबरी लिहिली आणि मग हात थांबलाच नाही. नऊ खंड! ओलवट हे तलावाच्या तळाखालचं राज्य. तिथे आभाळ पाण्याचं, सूर्य म्हणजे वर तरंगणारं कमळ, राजा मरळ माशाच्या वंशातला. त्याची स्वतःची भाषा, तिचं व्याकरण, सात दारं आणि प्रत्येक दाराला एक पहारेकरी. आमच्याकडे तलावाच्या पाळीत पाणी सोडायला जे दगडी दार असतं त्याला तुडूम म्हणतात. ओलवटची सात दारं म्हणजे सात तुडुमंच.

गोंदियाच्या माणसानं अख्खं जग उभं केलं म्हटल्यावर आमच्या प्राध्यापक मंडळींना सोन्याची खाण लागली. "ओलवट-मालिकेतील प्रभावस्रोत : एक चिकित्सक अभ्यास." हे शीर्षक मी शब्द इकडचे तिकडे करून सात वेळा टाइप केलं. प्रभाव म्हणजे काय, तर लेखकानं हे कुठून आणलं त्याचा शोध. पौराणिक प्रभाव, लोककथांचा प्रभाव, पाश्चात्त्य प्रभाव, कृषिप्रभाव. एकानं तर "रेल्वेप्रभाव" असं वेगळं प्रकरण केलं होतं, कारण ओलवटमध्ये सकाळी घोषणा होते की उत्तरेकडून येणारी लाट आपल्या नियोजित वेळेपेक्षा दोन तास उशिरा धावत आहे. ते प्रकरण मला मनापासून पटलं होतं.

एका मॅडमनी ओलवटचा नकाशा थीसिसमध्ये उलटा चिकटवला. पूर्वेला पश्चिम म्हणून तीस पानं लिहिली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी पकडलं, तर मॅडम म्हणाल्या, "सर, ओलवटमध्ये आभाळ खाली आहे, तिथे नकाशा असाच धरतात." पास झाल्या.

आणि खुद्द लेखकाला विचारलं तर? डोमाजीबाबू माझ्याच दुकानात बसायचे, कारण पाचव्या खंडापासून त्यांचं टायपिंगही माझ्याकडे होतं. अभ्यासक पेन सरसावून विचारायचे, "बाबूजी, ही सात दारांची कल्पना कुठून आली?" बाबूजी डोकं खाजवून म्हणायचे, "सुचलं गा." अभ्यासक ते लिहून घ्यायचा आणि थीसिसमध्ये टाकायचा, "लेखक आपल्या स्रोतांविषयी सूचक मौन बाळगतो."

तर वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. खुशाल सर म्हणून एक ज्युनिअर कॉलेजचे शिक्षक होते, ओलवटवर पहिला थीसिस त्यांचा. जमा करायचा शेवटचा दिवस. सर सकाळीच आले, पेनड्राइव्ह टेबलावर आपटला आणि म्हणाले, "भाभी, मी गाईडच्या सहीला नागपूरला चाललो. बाकी तुम्ही बघून घ्या." आणि स्टेशनकडे पळाले.

बाकी काय, ते मी उघडून पाहिलं. परिशिष्टात माहितीदात्यांचा तक्ता होता. ज्या गावच्या माणसांनी लोककथा सांगितल्या त्यांची नावं, वय, गाव, शिक्षण, सांगितलेली कथा. गाईडचा हट्ट होता, दहा माहितीदाते पाहिजेत. सरांकडे नऊ होते. दहावी ओळ कोरी. आणि चौथ्या प्रकरणात तिसऱ्या खंडातल्या "कुरकुरत्या तुडुमा"वर पान होतं, की या दारातून पाणी सुटताना बायका कुरकुरल्यासारखा आवाज येतो. त्याखाली, "या कल्पनेचा स्रोत", आणि पुढे टिंबं टिंबं टिंबं.

सरळ फोन करायला पाहिजे होता. केलाही. सर डब्यात असणार, लागला नाही.

त्याच वेळी छतावरून पाण्याचा आवाज आला. आमची सिमेंटची टाकी पाइपाच्या जोडापाशी फुटली होती आणि पाणी भिंतीवरून धो धो खाली. मी उठेपर्यंत आत्याबाई वर पोचलेल्या. त्यांचं नाव भागरता. माहेर इटियाडोह धरणाकडचं, तलाव बांधणाऱ्या कोहळी घराण्यातलं. वडील गावच्या तलावाचे पाणकर, म्हणजे कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवणारे. त्या घरात लहानाची मोठी झालेली बाई डोळ्यांसमोर पाणी वाया जाताना बघू शकत नाही. हाताला येईल ते भोकात कोंबते, मग विचार करते. मी वर जाऊन पाहते तर काय, टाकीच्या भोकात माझी मोरपंखी साडी! भावानं भाऊबीजेला दिलेली, एकदाच नेसलेली, धुऊन दोरीवर घातलेली.

"आत्याबाई, ही काऊन? पोतं नव्हतं का?"

"पोतं पाणी सोडते. साडी नाई सोडत," त्या म्हणाल्या. "पाणी थांबलं ना? मंग कायले बोंबलून राहिली?"

मी तणतणत खाली आले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि दहावी ओळ भरली. आजही तोंडपाठ आहे.

"माहितीदाता क्र. १०. भागरताबाई. आडनाव : सांगण्यास नकार. वय ७०. रा. नागरा. निरक्षर. कथा : सात लुगड्यांची राणी. एका तलावाला सात तुडुमं होती आणि राणीला सात सुना. तुडूम गळायला लागलं की राणी एका सुनेचं लुगडं ओढून त्यात कोंबायची. अशी सातही लुगडी गेली. सुना लाजेनं पाण्यात उतरल्या त्या वर आल्याच नाहीत. पाणी सुटताना जी कुरकुर ऐकू येते ती त्यांची."

आडनाव लिहायची हिंमत झाली नाही आणि इटियाडोहाऐवजी नागरा लिहिलं, म्हणजे कोणाला पत्ता लागायला नको. टिंबांच्या जागी "पाहा, माहितीदाता क्र. १०" टाकलं, प्रिंट काढली आणि माझा राग शांत झाला. कोण वाचतं परिशिष्ट?

परीक्षकांनी वाचलं. खुशाल सर डॉक्टर होऊन पेढे घेऊन आले, चेहरा फुललेला. "भाभी, त्या दहाव्या बाईनं तारलं. परीक्षक म्हणाले, या प्रबंधाची उपलब्धी हीच! मला एक सांगा, मला ती भेटली कुठे होती?"

मी पेढा तोंडात कोंबला आणि मान हलवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. ही पहिली चूक नव्हे, पहिली होऊन गेली होती. ही दुसरी.

त्यानंतर ओलवटवर जो येई तो खुशाल सरांचा थीसिस समोर ठेवून लिही. चार जणांनी भागरताबाईंचा हवाला दिला आणि चारही वेळा तो मीच टाइप केला. एकानं लिहिलं, हे स्त्रीदेहाचं जलव्यवस्थेतलं विसर्जन आहे. दुसऱ्यानं लिहिलं, सात लुगडी म्हणजे सप्तसूर. तिसऱ्यानं इंद्रधनुष्य काढलं. चौथ्या मॅडमना आडनावाचा नकार फार आवडला. आडनाव नाकारणारी ही निरक्षर स्त्री म्हणजे पितृसत्तेच्या तोंडात मारलेली चपराक आहे, असं त्यांनी दोन पानं लिहिलं. त्या वेळी पितृसत्तेची चपराक पडद्यामागे बसून लाखोळीची डाळ निवडत होती आणि मला ओरडून विचारत होती, दुधाखालचा गॅस बंद केला का म्हणून.

साडी मोरपंखी होती, हे एकालाही सुचलं नाही!

याच्यावर कडी म्हणजे डोमाजीबाबूंनी हे सगळे थीसिस वाचले. आठव्या खंडात बघते तर सात लुगड्यांची राणी! मी म्हटलं, "बाबूजी, हे कुठून आणलं?" तर म्हणे, "अवो, मोठ्या मोठ्या लोकांनी लिवलं हाये की मी हे तिच्यापासून घेतलं. मंग घ्यायले नको?" म्हणजे प्रभाव आधी सिद्ध झाला आणि पडला नंतर. मी रात्रंदिवस देवाला म्हणायची, आता पुरे कर.

मग वैशाली आली.

वैशाली कोहमाऱ्याकडची, पोवाराची पोर. वडिलांची धानाची शेती आणि चौकात किराण्याचं दुकान. ती कॉलेजात तासिकेवर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढेच दिवस नोकरी, उन्हाळा आला की घरी. तिच्या कॉलेजात एक पक्की जागा निघायची होती आणि तिला पीएच.डी. पाहिजे होती. पण ही पोरगी बाकीच्यांसारखी नव्हती. ती म्हणाली, "काकू, सगळ्यांनी भागरताबाईचा हवाला दिला, पण तिला भेटलं कोणीच नाही. मी तिलाच शोधून काढते." विषय मंजूर झाला, "माहितीदाता क्रमांक दहा : एक पुनर्शोध". त्याचा अर्ज मीच टाइप केला. शीर्षक तीनदा चुकले, तिला वाटलं माझा चष्मा बदलायला झाला.

पाच वर्षं तिनं घातली. नागऱ्याला जाऊन जाऊन तिच्या चपला झिजल्या. महादेवाच्या जुन्या देवळापाशी बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. सुरुवातीला लोक म्हणायचे, "कोन भागरता?" पण तिच्याआधीही चार जण विचारून गेलेले होते आणि गावाचं असं आहे की एकच गोष्ट पाचदा विचारली की गावाला ती आठवायला लागते. दुसऱ्या वर्षी नारळवाला म्हणाला, "सात लुगडेवाली ना? बसा, सांगतो." त्याच्या गोष्टीत सुना मासोळ्या झाल्या. एका बाईच्या गोष्टीत धाकट्या सुनेनं लुगडं द्यायला नकार दिला आणि तिथूनच नदी निघाली. एका म्हाताऱ्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं की ती राणी त्याच्या आजोळची. अकरा जणांच्या अकरा गोष्टी वैशालीनं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणल्या. मी हेडफोन लावून टाइप करायची. आधी हसून हसून डोळ्यांत पाणी आलं आणि मग भीती वाटायला लागली.

दर खेपेला वैशाली दुपारी यायची, आत्याबाई तिला चहा द्यायच्या. "पी वो माय, उन्हाची आली." ती म्हणायची, "आजी, तुमच्या हातचा चहा म्हणजे!" पाच वर्षं चाललं हे चहापाणी.

थीसिस जमा झाला. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली आणि बाहेरच्या परीक्षकबाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं की ज्या स्त्रीवर हे सगळं उभं आहे ती होती, याचा काहीतरी पुरावा आणा. नाही तर प्रबंध मान्य करणं कठीण आहे.

वैशाली पत्र घेऊन आली ती रडवेलीच. "काकू, जाहिरात निघाली आहे. आता नाही झालं तर मी कायमची तासिकेवरच. ती बाई वारली असेल, नागऱ्याच्या ग्रामपंचायतीत मृत्यूचा दाखला तरी मिळेल. निघते मी."

पडद्यामागून आवाज आला, "कोन मेलं वो?"

"आजी, एक भागरताबाई होत्या."

"होत्या म्हंजे? मी हावो ना!" आत्याबाई पडदा सारून बाहेर आल्या, हातात सूप.

वैशाली वळली. "आजी, तुमचं नाव भागरता?"

"तूनं कधी इचारलं काय?"

"तुम्ही नागऱ्याच्या?"

"नागऱ्याले मी एकदा गेली. शिवरात्रीले. चप्पल गेली माही तिथं."

वैशाली हसली, डोळे पुसले. "नाव तेवढं सारखं आहे बघा," म्हणाली आणि बॅग खांद्याला लावली. त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. ती उंबऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. जिवंत बाईच्या मरणाचा दाखला काढायला ही पोरगी भर उन्हात निघाली आणि मी मख्ख बसून राहू? माझ्यानं नाही झालं.

"वैशाली, बस. ही तीच आहे. आणि ती नाहीच आहे."

सगळं सांगितलं. टाकी, साडी, कोरी ओळ. आडनाव का नाही, नागरा का. सांगताना मान वर करवत नव्हती.

पहिल्या भडकल्या आत्याबाई. पण कशावर? "सत्तर? मी तवा अठ्ठावन्नची होती! अना निरक्षर? चवथी पास हावो मी, चवथी! माहा बाप पाण्याचा हिशोब मले लिवाले लावे. कागद दाखव मले." मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून बोट ठेवून सगळी कथा वाचली. राणी, सात सुना, सात लुगडी. वाचून झाल्यावर सूप घेऊन आत गेल्या. त्यांचं ओरडणं मला परवडलं असतं.

वैशालीनं खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. "काकू, मी दोन पावसाळे नागऱ्यात फिरली," ती म्हणाली. "घसरून पडली, हात मोडला. तुम्हीच पट्टी बांधायला आल्या होत्या. तवा तरी सांगायचं ना."

मी म्हटलं, "आत्याबाई दोन वाक्यं पाठ करतील. मी सांगितली होती गोष्ट, एवढंच म्हणायचं. सगळं निभावून जाईल." आयुष्यभर दुसऱ्यांचे थीसिस निभावून नेण्याची सवय, दुसरं काय!

आतून आत्याबाई म्हणाल्या, "मी खोटी बोलनार नाई. टाइप करनारी खोटी निंगली, तेवढी पुरे एका घरात."

"मी पण नाही बोलणार," वैशाली म्हणाली. "जे झालं ते सांगते. पास करो की नापास."

तोंडी परीक्षा दुपारी होती, कॉलेजच्या हॉलमध्ये. ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. पहिल्या रांगेत आमचे पाच डॉक्टर, मधोमध खुशाल सर, आता विभागप्रमुख. डोमाजीबाबू कानाचं मशीन लावून. मागच्या रांगेत मी आणि आत्याबाई. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, पण आठ दिवसांत माझ्याशी एक शब्दसुद्धा बोलल्या नव्हत्या.

परीक्षकबाई कडक होत्या. पहिलाच प्रश्न, "माहितीदाता क्रमांक दहा अस्तित्वात होत्या का?"

"आहेत, मॅडम. मागे बसल्या आहेत," वैशाली म्हणाली. पहिली रांग आनंदानं मागे वळली. खुशाल सरांनी तर लांबूनच नमस्कार केला, जुनी ओळख असल्यासारखा. "पण ही गोष्ट त्यांनी सांगितलेली नाही."

पहिली रांग हळूहळू पुढे वळली.

मी उभी राहिले. "मॅडम, ती ओळख... म्हणजे ती ओळ मी टाकली. मी टायपिस्ट. टाकी फुटली होती आणि माझी मोरपंखी साडी गेली होती, त्या रागात." पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "एकदाच नेसली होती."

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे या विद्यापीठातले पाच प्रबंध एका साडीच्या भांडणावर उभे आहेत?"

डोमाजीबाबू जे हसत सुटले ते मशीन कानातून पडलं. खुशाल सर उठून म्हणाले की मुळात कुरकुरत्या तुडुमाचा स्रोत लेखकालाच विचारावा. बाबूजींनी मशीन शोधून लावलं. "ते होय? अवो, तिसरा खंड लिवतानी माहं पोट बिघडलं होतं. दिवसभर कुरकुर, कुरकुर. मंग लिवलं." पाच डॉक्टरांपैकी एकानंही ते टिपून घेतलं नाही.

"आणि तुझे नागऱ्याचे अकरा?" परीक्षकबाईंनी वैशालीला विचारलं. "तेही खोटेच?"

"नाही, मॅडम. त्यांनी खरोखर सांगितलं, माझ्याकडे आवाज आहे. कागदावर होती तेव्हा गोष्ट एकच होती आणि खोटी होती. आम्ही विचारत गेलो आणि गावानं ती आपली केली. कशी केली, ते मी पाच वर्षं बघितलं. माझ्याकडे एवढंच आहे." तिची मान ताठ होती.

परीक्षकबाईंनी पानं चाळली. मग त्यांनी मागे पाहिलं. "आजी, तुम्ही पुढे या. म्हणजे तुम्ही अशी गोष्ट कोणाला कधीच सांगितली नाही?"

आत्याबाई पुढे जाऊन खुर्चीवर बसल्या, पदर सावरला. "सांगतली नाई. पन झाली तं माह्याच घरी. अना हिनं अर्धीच लिवली."

"अर्धी?"

"त्या दिवशी टाकी फुटली, तवा मी वर गेली. दोरीवर माहं लुगडं होतं. माह्या लग्नातलं. माह्या बापानं घेतलेलं. ते घातलं भोकात. भोक मोठं, ते पुरलं नाई. मंग हिची साडी घेतली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "गोष्टीत सात लुगडे मोजले सगळ्यायनं. राणीचं कोनी मोजलंच नाई. पयलं तं तिचंच गेलं असन ना? बाई दुसरीच्या लुगड्याले हात घालन, तं आपलं घालूनच घालन."

आणि मला आठवलं. दुसऱ्या दिवशी नळवाला आला होता. त्यानं पकडीनं ओढून आधी माझी साडी काढली. मी ती छातीशी धरून रडत होते. मग त्यानं आतून आणखी एक बोळा ओढला आणि विचारलं, "भाभी, इसका क्या करूं?" मी नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, चिंधी आहे, फेक. आत्याबाई तिथे जिन्याच्या पायरीवर उभ्या होत्या. तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या हॉलमध्ये, पाच डॉक्टरांसमोर, ढसाढसा रडले. आत्याबाई म्हणाल्या, "आता कायले? पाणी थांबलं होतं ना!"

वैशाली पास झाली. एक अट घालून. शेवटी एक प्रकरण जोडायचं, खोट्या नोंदीची खरी कथा. परीक्षकबाई म्हणाल्या, मी आजवर वाचलेलं हे पहिलंच प्रभावसंशोधन, ज्यात प्रभाव पडताना कोणीतरी पाहिला. जागाही तिला मिळाली. तिच्या वडिलांनी कोहमाऱ्याच्या चौकातल्या अख्ख्या ढाब्याला जिलेबी वाटली. बाकीच्या पाच थीसिसांमधली ती ओळ अजून तशीच आहे. मी खुशाल सरांकडे दुरुस्ती करू का म्हणून विचारायला गेले, तर ते म्हणाले, "राहू द्या भाभी, बांधणी झाली आहे."

ते जोडलेलं प्रकरण म्हणजे माझं शेवटचं काम. त्यानंतर दुकान बंद केलं, आता पोरं मोबाइलवरच लिहितात. शेवटचा तक्ता टाइप करताना आत्याबाई शेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. बोलायला लागल्या होत्या, पण कामापुरतं. मी आडनाव लिहिलं. वय लिहिलं, त्या वेळी अठ्ठावन्न. गाव इटियाडोहाजवळचं. शिक्षण चौथी पास. कथा, आठ लुगड्यांची राणी. मग त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, "पहिले लुगडे राणीचे स्वतःचे होते."

त्यांनी स्क्रीनजवळ तोंड नेऊन ती ओळ पुन्हा एकदा स्वतः वाचली.

"नुसतं लुगडं नको लिवू," त्या म्हणाल्या. "हिरवं लिव."

मी लिहिलं.